स्पेसर: दोन मुलं, दोन साइझ, दीड वर्ष रोजचा वापर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांच्या घरी लहान मुलाला किंवा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला दमा आहे, किंवा डॉक्टरांनी नुकताच पंप (इनहेलर) लिहून दिलाय आणि तो हातात धरून तुम्ही विचार करताय की एवढ्याशा पोराला हे द्यायचं तरी कसं, त्यांनी वेळ काढून पूर्ण वाचा. बाकीच्यांनी शेवटचे स्टार बघितले तरी चालेल.

वस्तू म्हणजे स्पेसर, पंपातलं औषध छातीपर्यंत नीट पोचावं म्हणून पंपाला जोडायची. पारदर्शक प्लॅस्टिकची एक नळी, आमच्या छोट्या स्पेसरमध्ये साधारण दीडशे मिली हवा मावते, एका टोकाला पंप बसवायचं रबराचं तोंड, दुसऱ्या टोकाला छोट्याच्यात सिलिकॉनचा मास्क आणि मोठीच्यात तोंडात धरायचा माउथपीस, मधे एक पातळ पाकळीसारखी झडप. बास, एवढंच. ना बॅटरी, ना बटण, ना आवाज. हातात घेतल्यावर मला वाटलं होतं की ही काय वस्तू आहे, याने काय फरक पडणार. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण झडपवाले स्पेसर बहुतेक सगळे साधारण असेच असतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही ब्रँडला लागू आहे.

आमची मोठी आता 14 वर्षांची आहे, तिला दमा आहे हे ती 9 वर्षांची असताना कळलं. धाकटा 4 वर्षांचा. मोठीला सुरुवातीला ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे पंप लिहून दिला आणि सांगितलं की तोंडात धर, दाब आणि ओढ. झालं. स्पेसरचा शब्द कोणी काढला नाही, करून दाखवलं नाही, तिच्याकडून करून घेतलं नाही. साडेतीन वर्षं ती पोर तशीच पंप घेत होती, आणि तरी दर सर्दीला खोकला छातीत उतरायचा, रात्री दोन-अडीचला उठून बसायची, पळून आली की छातीत सूं सूं. दर वेळी आम्ही जायचो आणि औषधाचा डोस वाढायचा. मला तर खात्रीच पटली होती की हिचा दमा जरा जास्तच आहे, हिला औषध लागू पडत नाही.

मग दीड वर्षापूर्वी धाकटा अडीच वर्षांचा असताना त्यालाही घरघर सुरू झाली, एका सर्दीतून दुसऱ्या सर्दीत, आणि आम्ही एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्याच्यासाठी त्यांनी मास्कवाला स्पेसर लिहिला. बोलता बोलता मी मोठीचं सांगितलं, ती बाजूलाच बसली होती, तर मॅडम म्हणाल्या, तुझा पंप आहे का जवळ, घेऊन दाखव बघू. तिने दाखवलं. पंप दाबल्याबरोबर तिच्या ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर आला. आम्ही सगळ्यांनी बघितला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, हे जे बाहेर गेलं ना ते औषध होतं, आणि बाकीचं बहुतेक घशावर आपटलं, छातीपर्यंत गेलंच नाही फारसं. मला तिथेच रडू आलं. साडेतीन वर्षं. डोस वाढवत होतो आम्ही, आणि औषध पोचतच नव्हतं.

म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. औषध लागू पडत नाही असं म्हणायच्या आधी ते पोचतंय का ते बघा. मॅडमनी त्या दिवशी मोठीचा डोस वाढवला नाही, स्पेसर दिला आणि महिन्याने या म्हणाल्या. महिन्यात रात्रीचं उठणं बंद झालं. औषध तेच होतं, डोसही तोच.

हे चालतं कसं ते मला जसं समजलं तसं सांगते. पंपातून औषध सुटतं ते फार जोरात सुटतं, त्याच क्षणी बरोबर श्वास आत ओढायला लागतो, जरा पुढेमागे झालं की गेलं. मोठ्या माणसांनाही हे नीट जमत नाही, लहान मुलांचं तर सोडाच. स्पेसरमध्ये ते फवारलं की आधी नळीत थांबतं, वेग कमी होतो, मोठे थेंब नळीच्या भिंतीवरच बसतात आणि अगदी बारीक कण, एक ते पाच मायक्रॉनचे, हवेत तरंगत राहतात, फुप्फुसात उतरतात ते हेच कण. मग मूल नेहमीसारखा श्वास घेतं आणि ते कण आत जातात. झडप असल्यामुळे सोडलेला श्वास नळीत परत येत नाही. पण तरंगतात म्हणजे फार वेळ नाही हं, काही सेकंदांत ते खाली बसायला लागतात, म्हणून दाबल्या दाबल्या लगेच श्वास सुरू झाला पाहिजे. आणि एका वेळी एकच पफ, म्हणजे पंप एकदाच दाबायचा. मी पहिल्या आठवड्यात दोन पफ एकदम मारायचे, म्हटलं एकदाच उरकू, पोरगं तरी कमी रडेल, तर ते चूक आहे, दोन एकदम मारले की कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि आत जातं ते कमीच जातं. एक पफ, पाच-सहा श्वास, जरा थांबायचं, पंप परत हलवायचा, मग दुसरा पफ.

आता धाकट्याचं. पहिले चार दिवस भयंकर गेले. मास्क चेहऱ्याजवळ आणला की मान फिरवायचा, हात झटकायचा, मी आणि नवरा दोघं मिळून धरायचो आणि तो जिवाच्या आकांताने रडायचा. मला वाटायचं की रडताना मोठा श्वास घेतोय, म्हणजे औषध उलट जास्त जात असेल. असं अजिबात नाही. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार कमी पोचतं, कारण रडणं म्हणजे लांबलचक श्वास सोडणं आणि मधेच एक जोरदार झटका, त्या झटक्यात सगळं घशावर बसतं. वर मास्कही हलतो, आणि मास्क आणि गाल यांच्यात थोडी जरी फट राहिली तरी औषध बाहेरच.

पाचव्या दिवशी मी ठरवलं की आज औषध नाहीच, नुसता स्पेसर त्याच्या हातात द्यायचा. (हे मॅडमना विचारून केलं, त्या वेळी त्याला त्रास नव्हता म्हणून चाललं.) तो दिवसभर घेऊन फिरला, बहिणीच्या गुडघ्याला लावला, खिडकीच्या काचेला लावला. संध्याकाळी आरशासमोर उभा राहिला आणि मास्क तोंडाला लावून आरशात बघता बघता त्याला ती आतली पाकळी हलताना दिसली. श्वास घेतला की हलते, सोडला की मिटते. परत घेतला, परत हलली. त्याने मला ओढत नेलं, आई बघ, ती उघडते. त्या दिवसापासून आमच्याकडे औषध म्हणजे पाकळी सहा वेळा हलवायची. मोजतो तो स्वतः. चार आणि पाचची अदलाबदल होते कधीकधी, पण मोजतो. झडप बाहेरून स्पष्ट दिसते ही या वस्तूतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे, कारण श्वास आत जातोय की नाही हे मला पण दिसतं, अंदाज करत बसावं लागत नाही. विकत घेताना ही झडप दिसतेय ना ते नक्की बघा.

मास्कची साइझ पण बघा. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं पाहिजे, पण डोळ्यांवर चढता कामा नये आणि हनुवटीच्या खाली लोंबता कामा नये. आम्ही पहिला आणला तो मोठा झाला होता, तो बदलून आणला. आणि प्रिव्हेंटर पंप म्हणजे स्टेरॉइडवाला पंप दिल्यावर मास्कच्या जागचा चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा, चूळ भरायला लावायची, मोठ्या मुलांनी तर गुळण्याच करायच्या, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात. हे आम्हाला मोठीच्या वेळी कोणी सांगितलंच नव्हतं.

धुण्याबद्दल लिहिते कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. मी रोज वापर झाला की स्पेसर आतून स्वच्छ सुक्या कापडाने घासून पुसायचे, अगदी चकचकीत. महिन्याने मॅडमनी तो उजेडात धरला आणि आतल्या भिंतीला चिकटलेला पांढरा थर दाखवला. प्लॅस्टिक कोरड्या कापडाने घासलं की त्याच्यावर स्थिर वीज तयार होते, लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तीच, आणि मग औषधाचे कण हवेत तरंगायच्या ऐवजी भिंतीकडे ओढले जातात. म्हणजे मी रोज मेहनत करून औषध वाया घालवत होते. बरोबर पद्धत अशी की सगळे भाग सुटे करायचे, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवायचे, बाहेर काढून उभे ठेवायचे आणि आपोआप वाळू द्यायचे. आतून पुसायचं नाही. नळी आतून साध्या पाण्याने धुवायची पण नाही, कारण साबणाचा तो पातळ थर राहिला तर वीज धरत नाही, फक्त मास्क आणि माउथपीस जिथे तोंड लागतं ते धुवून घ्यायचं. काही स्पेसर अँटिस्टॅटिक मटेरियलचे येतात, त्यांचे नियम जरा वेगळे असतात, ज्याचा त्याचा कागद वाचा. आणि उकळू नका, झडप वाकडी होते.

आणि त्या कागदाबद्दलच माझी पहिली तक्रार. बॉक्समधलं माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरात आहे की माझ्या सासूबाईंना तर सोडाच, मलाही मोबाइलचा टॉर्च लावून वाचावं लागलं, आणि एका चित्रात इतक्या पायऱ्या कोंबल्यात की कुठून कुठे जायचं कळत नाही. ज्या वस्तूचं सगळं यश ती कशी वापरतो यावर आहे तिच्या वापराचा कागद असा? एक स्टार इथेच गेला. कंपनीने एक मोठं, भिंतीला चिकटवता येईल असं चित्र द्यायला काय हरकत आहे. शेवटी मीच एका कार्डशीटवर लिहून फ्रीजला लावलं, कारण घरात औषध देणारी मी एकटी नाही, आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने दिलं तर परत तेच व्हायचं.

दुसरी तक्रार शिट्टीची. मोठीच्या स्पेसरला शिट्टी आहे, श्वास फार जोरात ओढला की वाजते. म्हणजे वाजली तर चूक, हळू घे असा त्याचा अर्थ. पण शिट्टी वाजली की कुठल्याही मुलाला वाटणार की जमलं! धाकटा बहिणीचा स्पेसर पळवून मुद्दाम शिट्टी वाजवतो ते वेगळंच, पण तीसुद्धा पहिला आठवडाभर शिट्टी वाजेपर्यंत ओढत होती. पत्रकात हे एका ओळीत आहे, कुठेतरी खाली. तुमच्याकडे शिट्टीवाला असेल तर मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, न वाजवता घ्यायचं.

आता सासूबाई. त्यांनी धाकट्याच्या तोंडावर मास्क बघितला आणि त्यांचे डोळेच भरून आले, म्हणाल्या, अगं एवढ्या लहान पोराला पंप? सवय लागेल त्याला जन्माची, त्यापेक्षा पातळ औषध दे की. त्यांच्यावर मी चिडले नाही, कारण मोठीच्या वेळी मी स्वतः हेच म्हटलं होतं. मग मॅडमनी जे गणित मला सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल नावाचं औषध आहे, त्याच्या सिरपच्या 5 मिलीच्या चमच्यात 2 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 2000 मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम. दोन पफ दिले तरी चमच्याच्या एक दशांश. सिरप पोटात जातं, रक्तात मिसळतं, सगळ्या अंगभर फिरतं आणि मग थोडं छातीत पोचतं, म्हणून सिरपने मुलांचे हात जास्त थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवंय तिथेच जातं, आणि काही मिनिटांत काम सुरू करतं. दम्याच्या पंपाचं व्यसन लागत नाही. रोज घ्यावा लागतो तो आजार रोज आहे म्हणून, जसा चष्मा रोज लावतो तसा. हे चष्म्याचं सासूबाईंना पटलं, आता त्या स्वतःच वेळेवर आठवण करतात, अगं त्याची पाकळी राहिली का.

स्टेरॉइडची भीती पण खोटी नाही, त्याबद्दल स्पष्ट लिहिते. मी सरळ विचारलं होतं की उंचीवर परिणाम होतो का. उत्तर असं की हो, थोडा होऊ शकतो. मुलांना वर्षानुवर्षं ब्युडेसोनाइड (प्रिव्हेंटरमधलं एक स्टेरॉइड) देऊन ती मोठी होईपर्यंत बघितलेला एक मोठा अभ्यास 2012 साली छापून आला, त्यात मोठेपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली. म्हणूनच डॉक्टर कमीत कमी जेवढ्यात भागेल तेवढाच डोस ठेवतात आणि दर भेटीला उंची मोजतात. मी ते सव्वा सेंटिमीटर एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात ठेवल्या दर दोन महिन्यांनी तोंडावाटे घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या, बुडालेली शाळा आणि रात्री बसून काढलेले तास. माझा निर्णय सोपा होता. पण मला तो आकडा लपवून ठेवला नाही याचं मला फार बरं वाटलं. स्पेसरने इथे पण मदत होते बरं का, घशात कमी बसतं म्हणजे गिळलं पण कमी जातं.

मोठीचं प्रकरण वेगळंच आहे. टीनएजमधल्या मुलीला एवढी मोठी नळी बॅगेतून काढून मैत्रिणींसमोर तोंडाला लावायची नसते, आणि मला ते समजतं. आमची भांडणं झाली यावरून. एक दिवस मी पंपाच्या मागचा आकडा बघितला. तिच्या प्रिव्हेंटरमध्ये 120 डोस, सकाळी दोन संध्याकाळी दोन, म्हणजे तीस दिवसांत संपायला हवा. तिसाव्या दिवशी त्यात 46 शिल्लक. म्हणजे अकरा-बारा दिवस घेतलाच नव्हता. मी ओरडले नाही, नुसता पंप समोर ठेवला. ती म्हणाली, मला बरं वाटत होतं ना आई, मग कशाला घेऊ?

हे वाक्य दमा असलेल्या प्रत्येक टीनएजरच्या घरात बोललं जात असणार. आणि तिचं चूक नव्हतं, तिला कोणी दोन पंपांमधला फरक नीट सांगितलाच नव्हता. आमच्याकडचा निळा पंप रिलीव्हर, तो आकसलेली नळी मोकळी करतो, चार-सहा तास. पण आतली सूज त्याने जात नाही. सूज कमी ठेवतो तो प्रिव्हेंटर, आणि तो घेतल्यावर लगेच काही वाटत नाही, म्हणून मुलांना वाटतं की हा काही करतच नाही. बरं वाटतंय ते तो घेतल्यामुळेच वाटतंय. बंद केला की सूज हळूहळू परत चढते, आठवडे जातात, आणि मग एका सर्दीत सगळं एकदम. नुसत्या निळ्या पंपावर राहणं किती धोक्याचं आहे याचा अंदाज यावरून घ्या की दम्यावर जगभर मार्गदर्शन करणाऱ्या जीना या संस्थेने 2019 पासून बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना नुसत्या रिलीव्हरवर ठेवू नका असंच सांगितलंय. तुमचं मूल महिन्याला निळा पंप संपवत असेल तर त्याच्या प्रिव्हेंटरकडे बघा आणि डॉक्टरांकडे जा.

आम्ही शेवटी मधला मार्ग काढला. प्रिव्हेंटर फक्त घरात, सकाळी दात घासायच्या आधी आणि रात्री दात घासायच्या आधी, स्पेसरमधून, म्हणजे गुळण्या आपोआप होतात. बॅगेत निळा पंप. आणि एक जास्तीचा स्पेसर शाळेत क्रीडाशिक्षकांच्या कपाटात, नाव घालून. मॅडमनी तिला कोरड्या पावडरचा छोटा इनहेलर पण दाखवला, तो खिशात मावतो, पण त्याची तऱ्हा बरोबर उलटी, त्यात ढकलणारा गॅस नसतो त्यामुळे पावडर उचलायला श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो, आणि स्पेसरमध्ये हळू. एकाच मुलाला दोन्ही दिले तर गोंधळ होतो, म्हणून आम्ही सध्या एकच ठेवलाय. खेळायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं निळ्याचे दोन पफ, हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तिच्या प्लॅनमध्ये आहे. ती आता रिले टीममध्ये आहे. पॉला रॅडक्लिफ, जिचा महिलांच्या मॅरेथॉनचा जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला, तिला किशोरवयापासून दमा आहे, हे मी मोठीला सांगितलं तेव्हा तिने लगेच फोनवर शोधून बघितलं.

आणि अजून एक गोष्ट तिला सांगितली ती तिला जास्त आवडली. 1955 साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाच्या औषध कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता, वय 13. तेव्हा काचेचा आणि रबरी फुग्याचा नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाची वाफेसारखी फवार करणारं साधन, हाताने दाबत बसावं लागायचं. तिने वडलांना विचारलं की केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का नाही भरता येत. पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, पहिला मोजून डोस देणारा पंप बाजारात आला. तेरा वर्षांच्या मुलीच्या कटकटीतून. माझी मोठी म्हणाली, मग आता मी विचारते, हा स्पेसर घडी करून खिशात का नाही बसत? मला तर हा प्रश्न कंपनीने गंभीरपणे घ्यावा असं मनापासून वाटतं.

नेब्युलायझर घ्यावा की स्पेसर, असं मला नातेवाईक विचारतात, कारण वाफ दिली म्हणजे काहीतरी मोठं केलं असं वाटतं. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेलं रिलीव्हर नेब्युलायझरपेक्षा कमी पडत नाही, हे मुलांवरच्या बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, उलट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मुलं लवकर मोकळी होतात आणि नाडी कमी धावते. वीज लागत नाही, दहा मिनिटं मशीन धरून बसायला लागत नाही, प्रवासात नेता येतो. गंभीर अटॅकला ऑक्सिजन लागतो, ते काम हॉस्पिटलचंच, तिथे घरात ना स्पेसर पुरतो ना मशीन. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसत असतील, मूल गळून गेलं असेल, किंवा निळ्या पंपाने चार तास पण बरं राहत नसेल, तर वाट बघू नका, प्लॅनमध्ये लिहिलेले पफ स्पेसरमधून देत देतच निघा. आणि घरघर अचानक थांबली पण मूल अजून धापा टाकतंय, तर ते बरं झालं असं समजू नका, हवा जातच नाहीये असा त्याचा अर्थ असू शकतो. प्लॅन म्हणजे डॉक्टरांकडून लिहून घेतलेला कागद, कुठल्या लक्षणाला किती पफ, कधी फोन, कधी हॉस्पिटल. तो मागून घ्या, मला पण मागावाच लागला होता.

धाकट्याबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याला दमाच आहे असं मॅडम अजून ठामपणे म्हणत नाहीत. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांना व्हायरल सर्दीत घरघर होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांची शाळेत जायच्या वयात आपोआप जाते, आणि फुंकर मारून करायची तपासणी या वयात नीट जमत नाही, पाच-सहा वर्षांनंतर जमते. त्यामुळे सध्या तो कसा राहतोय ते बघत डोस कमीजास्त करतो. हे ऐकून सुरुवातीला मी बेचैन झाले होते, मला एक नाव हवं होतं. आता तेवढं वाटत नाही.

बाकी बारीकसारीक. पंपाला आकडा नसेल तर कॅलेंडरवर मोजा, औषध संपलं तरी नुसता गॅस फुस्स करत राहतो आणि आपल्याला वाटतं की आहे अजून, पाण्यात टाकून बघायची जुनी युक्तीही भरवशाची नाही. नवा पंप किंवा बरेच दिवस पडून राहिलेला असेल तर आधी हवेत दोन-चार पफ मारा, किती ते पत्रकात असतं. स्पेसरच्या रबराच्या तोंडात पंप घट्ट बसतोय ना ते दुकानातच बघून घ्या, स्वतःचा पंप बरोबर न्या. माझी तिसरी तक्रार हीच होती, मोठीचा पंप पहिल्या स्पेसरमध्ये सैल बसायचा. आणि स्पेसर कायमचा नसतो, आमच्या छोट्याच्या झडपेची कड अकरा महिन्यांनी वर वळली होती, पूर्ण मिटत नव्हती. मी आता नव्यावर चिकटपट्टी लावून मार्करने सुरुवातीची तारीख लिहिते, कारण नळीवर तारीख लिहायला जागाच दिलेली नाही.

पाचपैकी चार स्टार. वस्तूला पाच, पत्रकाला शून्य, शिट्टीला निम्मा, सगळं मिळून चार. धाकट्याला आता मास्क काढून माउथपीसवर न्यायचंय, चार वर्षांचा झाला की करून बघा म्हणाल्या होत्या. काल बघितलं, ओठ नीट मिटत नाही अजून, कडेने धूर येतो. मॅडम म्हणाल्या घाई नको, महिनाभर मास्कच ठेवा. जमलं की इथेच लिहीन.